सिस्टरला दोष देणं सोपं आहे, वॉर्डात एक नाईट काढून बघा

तेरणाकाठ:
'सिस्टर मोबाईलमध्ये, पेशंट देवाच्या भरवशावर' ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. मी अधिपरिचारिका आहे, मेडिसिन वॉर्ड. नाईटला दोघी जणी, खाटा भरलेल्या आणि दोन खाटांच्या मधे गाद्या टाकलेल्या. नर्सिंग कौन्सिलचा निकष मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ३ खाटांमागे १ नर्स असा आहे, वर रजेसाठी ३० टक्के जादा. खाली गादीवर पडलेला पेशंट त्या हिशोबात येतच नाही. औषध देण्याआधी नाव विचारायचं, केसपेपरशी पडताळायचं, इन्सुलिन आणि रक्त पातळ करणारं हेपारिन दोघींनी मिळून तपासायचं, पोटॅशियम पातळ केल्याशिवाय शिरेत द्यायचं नाही, सगळं पाठ आहे. पण गादीला खाट नंबर नसतो. एकाच नावाचे दोन म्हातारे, दोघांनाही ऐकू येत नाही, सोबतचा माणूस औषध आणायला गेलेला. अशा वेळी काय करायचं ते सांगा.

दुधना:
एक सलाईन काढायला किती स्टाफ लागतो? आईच्या हाताला सलाईनच्या जागी टम्म सूज आली. सकाळपासून सांगत होतो, 'बघते' म्हणाल्या, काढली दुपारी. तेव्हा टेबलावर तिघी बसलेल्या होत्या.

तेरणाकाठ:
टेबलावर बसलेली सिस्टर लिहीत असते दादा. इंडेंट म्हणजे औषधांची मागणी, डिस्चार्जची कागदं, औषधांचा साठा. ते अपुरं राहिलं की मेमो आम्हालाच.

गोदाकाठचा:
खरं दुखणं नातेवाईक आहेत. एका पेशंटमागे सहा जण, खाटेवर बसून जेवण, कोपऱ्यात तंबाखूच्या पिचकाऱ्या. वरून सलाईनचं चाक स्वतःच फिरवून 'लवकर संपवतात'. पास लावा, एकालाच आत सोडा.

बालाघाट:
आणि स्ट्रेचर कोण ढकलणार? सोनोग्राफीला माझ्या बापाला मी पाठीवर नेलं. रक्ताची बाटली लॅबला मी नेली, रिपोर्ट मी आणला. वॉर्डातले मामा-मावशी, म्हणजे शिपाई आणि आया, शोधूनही सापडत नव्हते.

गोदाकाठचा:
म्हणून सहा जण लागतात?

बालाघाट:
लागतात. एक पेशंटजवळ, एक बाहेरच्या मेडिकलवर, एक रक्तपेढीत. ऊसतोडीच्या फडावरून तसंच उठून आलेलं कुटुंब, लेकरं रात्री कुठं ठेवायची? तुम्ही कधी रात्र काढलीय का तिथं?

गोदाकाठचा:
काढलीय. शेजारच्या पेशंटच्या गर्दीत माझ्या भावाचा ऑक्सिजनचा पाईप निघाला, कुणाच्या लक्षात नाही. मला शिकवू नका.

तेरणाकाठ:
दोघंही खरंच सांगताय, पण माझा प्रश्न राहिला बाजूला. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ मध्ये २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ बाळं. खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांना (डीनना) संडास साफ करायला लावला, राज्यभर व्हिडिओ फिरला. त्यानं कुठल्या वॉर्डात एक तरी सिस्टर वाढली? मे २०२२ मध्ये बाह्यस्रोत, म्हणजे ठेकेदारामार्फतच्या भरतीविरुद्ध आम्ही सिस्टर संपावर गेलो, तेव्हा तुमच्यातलेच लोक 'पेशंटला वेठीस धरलं' म्हणत होते.

दुधना:
म्हटलं होतं, आजही म्हणेन. बरं, दोघींत वॉर्ड चालत नाही एवढं मानतो. पण आईच्या हाताचं उत्तर हे नाही.

तेरणाकाठ:
नाही. सूज दिसली की सलाईन आधी बंद करायची, ते त्या सिस्टरचं चुकलंच. तक्रार जरूर करा. फक्त त्या पाळीला सिस्टर किती आणि पेशंट किती होते, हेही लिहा. ड्युटीचं रजिस्टर माहिती अधिकारात मागता येतं.

बालाघाट:
गोदाकाठवाले, पास लावा म्हणालात. स्ट्रेचर कोण ढकलणार, ते अजून सांगितलं नाही.