साप पचवतो म्हणून विष सौम्य ठरत नाही

"उत्तर अमेरिकेतला गार्टर साप न्यूट (सरड्यासारखा दिसणारा छोटा उभयचर प्राणी) गिळूनही जगतो, म्हणजे न्यूटचं विष फार जहाल नसणार" हा काहींचा तर्क मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याकडच्या या खरखरीत कातडीच्या न्यूटमध्ये टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं, फुगू या विषारी माशात असतं तेच. १९७९ साली ओरेगनमध्ये २९ वर्षांच्या एका माणसाने पैजेखातर एक न्यूट गिळला. दहा मिनिटांत ओठांना मुंग्या आल्या, मग अंग बधिर होत गेलं आणि तो दगावला. साप वाचतो, कारण त्याच्या मज्जातंतूंतले आणि स्नायूंतले सोडियमचे मार्गच (पेशीत सोडियम आत सोडणारी दारं) बदललेले आहेत, विष तिथे नीट चिकटत नाही. तरी खाल्ल्यावर तोही बराच वेळ मंदावतो.

आणखी एक गोष्ट: हे विष सापाच्या यकृतात काही आठवडे टिकून राहतं, म्हणजे त्या काळात साप खाणाऱ्यालाही धोका असू शकतो!

डिवचल्यावर न्यूट डोळे मिटून हनुवटी वर उचलतो, शेपूट पाठीवर वळवतो आणि पोटाचा भडक नारिंगी रंग दाखवतो. तपकिरी पाठीखाली तो रंग एरवी दिसतसुद्धा नाही.