तळहाताएवढा नकाशा: खोदणारा कोण, हे कसं ठरवायचं?

धरमपेठकर
हिंदुस्थानचा छोटा नकाशा आहे. चौकट ८.५ × १२.५ सेंमी, मागे लॅटिन मजकूर, छापायचा तांब्याचा पत्रा खोदणाऱ्याचं नाव कुठेच नाही. विकणारा 'होंडियस (ॲमस्टरडॅमचा नकाशाकार), १६१६' सांगतो. खरं मानावं का? आणि उन्हाळाभर खोलीत कूलर असतो, ठेवायचा कसा?

ताम्रपत्रा
मापच १६१६च्या विरोधात जातं. होंडियस दोन, बाप आणि मुलगा. भूगोलकार बर्टियसच्या छोट्या ॲटलससाठी त्या वर्षी धाकट्याने नवे पत्रे काढले, ते साधारण ९.५ × १३.५ सेंमीचे. तुमचं माप जुळतं प्रकाशक लांगेनेसच्या १५९८च्या 'कार्ट-थ्रेसोर' या छोट्या ॲटलसशी. तेच पत्रे १६००मध्ये बर्टियसच्या लॅटिन ॲटलसला वापरले. त्यांतले बरेच पेत्रुस केरियसच्या, म्हणजे पिटर व्हान डेन केरेच्या हातचे. हा थोरल्या होंडियसचा मेव्हणा आणि त्याच्याच हाताखाली शिकलेला. म्हणून अक्षरांच्या वळणावरून केरियस की होंडियस, असा निवाडा करू नका.

माप चौकटीच्या रेषेवरच घ्या. छापताना कागद ओला असायचा, सुकताना आकसायचा. एखाद-दोन मिमी कमीजास्त चालतं, पूर्ण सेंटिमीटर नाही.

जुनाकागद
आधी तो अस्सल आहे ना ते बघा. टॉर्च आडवा धरला की चौकटीबाहेर पत्र्याचा दबलेला काठ दिसतो (समास कापला असेल तर नाही दिसणार). दहापट भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर आधुनिक ऑफसेट छपाई आहे, विषय संपला.

मग मागची बाजू. पान क्रमांक आणि तळाशी एकटा छापलेला शब्द, म्हणजे पुढच्या पानाचा पहिला शब्द, टिपून घ्या. ग्रंथालयांच्या स्कॅन प्रतींशी हे दोन्ही जुळले की आवृत्ती सापडते. पत्रे वर्षानुवर्षं वापरात राहायचे, त्यामुळे पुढची बाजू एकटी साल सांगत नाही.

पुढे कधी नाव असलेला नकाशा घ्याल तेव्हा त्याच्यापुढचा शब्द वाचा. 'स्कल्प्सिट' किंवा 'केलाविट' म्हणजे खोदलं. 'एक्सकुडिट' म्हणजे प्रकाशित केलं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

ताम्रपत्रा
कूलरचं राहिलं. त्याची हवा दमट, तिने कागद फुगतो, बुरशी धरतो, कसर लागते. कूलरच्या खोलीत भिंतीवर टांगू नका. आम्लरहित पुठ्ठ्याच्या घडीत, आतल्या खोलीतल्या कपाटात आडवा ठेवा. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. हिरवा रंग असेल तर नकाशा उलटून बघा: मागे तपकिरी उमटला असेल तर तांब्यापासून केलेल्या हिरव्या रंगाने कागद खाल्लाय, तिथे वाकवला की तडकतो.