पंचविशीत साठीची बाई: रोहिणी हट्टंगडींच्या कोणत्या भूमिका बघाव्यात?

तिसरी_घंटा:
स्पर्धेसाठी एकांकिका बसवतोय. मुख्य पात्र ६५ वर्षांच्या विधवेचं, करणारी मुलगी २४ ची. कंबर वाकवणं आणि आवाज थरथरवणं सोडून तिला दुसरं काही सुचत नाहीये. रोहिणीताईंनी विशीत-तिशीत म्हाताऱ्या बायका केल्या, तेव्हा तिला त्यांचं काम दाखवायचं ठरवलंय. पण काय आणि कोणत्या क्रमाने? सगळी कारकीर्द बघायला वेळ नाही.

विंगेतली:
सुरुवात ‘गांधी’ चित्रपटापासून करा. रोहिणीताईंचा जन्म ११ एप्रिल १९५५ चा आणि चित्रीकरण १९८०-८१ मध्ये, म्हणजे वय पंचवीस-सव्वीस. दक्षिण आफ्रिकेतली तरुण कस्तुरबा ते १९४४ साली आगाखान पॅलेसमध्ये गेलेली ७४ वर्षांची बा, एवढा पल्ला एकाच नटीने पेललाय. याच कामाला ब्रिटनचा बाफ्टा मिळाला, सहायक अभिनेत्रीचा, मॉरीन स्टेपलटनबरोबर विभागून.

तीनच प्रसंग काढा: संडास साफ करण्यावरून झालेलं भांडण, पोरबंदरला लग्नाच्या शपथा सांगतात तो, आणि शेवटचं आजारपण. आवाज बंद ठेवून एकदा बघा. वय वाढतं तसतशी हालचाल *कमी* होत जाते, ओढूनताणून संथ होत नाही. मुली नेमकं उलटं करतात, प्रत्येक हालचाल तेवढीच ठेवून नुसती सावकाश करतात. मग ती बाई म्हातारी वाटत नाही, झोपेत चालल्यासारखी वाटते.

नेपथ्यवाला:
‘गांधी’त मेकअप खूप मदतीला आहे. त्यापेक्षा ‘सारांश’ (१९८४) जास्त उपयोगी. पार्वती प्रधान. अनुपम खेर त्यांच्यापेक्षा जेमतेम महिनाभराने मोठे, दोघंही राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे, आणि दोघं मिळून शिवाजी पार्कचं निवृत्त जोडपं उभं करतात. मुलगा न्यूयॉर्कमध्ये मारला गेलाय. दुसरी एखादी नटी तिथे दोन तास शोक करत बसली असती. इथे पार्वती *आशा* खेळते: मुलगा भाडेकरू सुजाताच्या पोटी परत येणार, यावर तिचा ठाम विश्वास. म्हातारपण आपोआप दिसतं, कारण तिला काहीतरी घट्ट हवं आहे.

तुमच्या मुलीला विचारा, या विधवेला या प्रवेशात काय हवंय? उत्तर ‘ती दुःखी आहे’ असं आलं तर तालीम थांबवा.

‘अग्निपथ’ (१९९०) मात्र तिला दाखवू नका. अमिताभ बच्चन यांच्यापेक्षा साडेबारा वर्षांनी लहान असून त्यांची आई केलीय, ऐकायला भारी आहे, पण एकांकिकेला त्या पट्टीतलं काही लागणार नाही.

विंगेतली:
हे पटलं. त्याच काळातल्या आणखी दोन जोडा, म्हणजे ‘वृद्ध भूमिका करणारी’ हा शिक्का पुसला जाईल. ‘अर्थ’मधली (१९८२) मोलकरीण आणि ‘पार्टी’मधली (१९८४) मोहिनी बर्वे. पहिलीला फिल्मफेअर, दुसरीला राष्ट्रीय पुरस्कार. एक मुलीच्या शाळेसाठी पैसे साठवणारी, दुसरी रंगमंच सुटलेली आणि दारूत बुडत चाललेली. दोघींची मान, हात, बसणं काहीच जुळत नाही. कथकली आणि भरतनाट्यम दोन्ही शिकलेलं शरीर आहे ते, आणि शिवाय राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे तेव्हाचे संचालक अल्काझी यांची शिस्त.

प्रॉम्प्टर_काका:
एक धोका कोणी सांगितला नाही. हे सगळं कॅमेऱ्यासाठीचं काम आहे. पापणीचा खेळ पाचव्या रांगेपुढे जात नाही. बाईंचा पाया रंगभूमीचा: जयदेव हट्टंगडींनी दिग्दर्शित केलेली ‘चांगुणा’, म्हणजे स्पॅनिश नाटककार लोर्काच्या ‘येर्मा’चा मराठी अवतार, आणि पुढे ‘अपराजिता’ हा एकपात्री प्रयोग. ‘अपराजिता’चं चित्रण कुठे मिळालं तर आधी ते.

आता कामाचं:

आवाज थरथरवू नका. थरथरीत वाक्याची शेवटची दोन अक्षरं मरतात आणि मराठीत क्रियापद तिथेच असतं! त्यापेक्षा श्वास आखूड करा. मोठं वाक्य दोन श्वासांत तोडा, पण शेवट खणखणीत हवा.

कंबरेऐवजी गुडघ्यांपासून सुरू करा. खुर्चीतून उठताना आधी पाय मागे, मग हात दांड्यावर, मग वजन पुढे, मग उठणं. हा क्रम अंगात बसायला पंधरा दिवस जातील. तालीम साडी आणि चपला घालूनच. जीन्सवर बसवलेली चाल प्रयोगाच्या दिवशी निऱ्यांत अडकते.

केसांना पावडर फासू नका. दिव्याखाली घाम आला की चिकटते, पदर झटकला की धूर दिसतो. कानशिलाजवळ आणि भांगात पांढऱ्या रंगाचे बारीक फटकारे पुरतात. सुरकुत्यांच्या काळ्या रेघा तर नकोतच, लांबून मिशा वाटतात.

तिसरी_घंटा:
‘सारांश’ आणि ‘गांधी’चे तीन प्रसंग आजच देतो. ‘चार दिवस सासूचे’ आणि ‘बाईपण भारी देवा’?

नेपथ्यवाला:
मालिका तीन हजारांहून जास्त भागांची आहे, तुमची स्पर्धा होऊन जाईल. ‘बाईपण’मधला (२०२३) मंगळागौरीचा भाग मात्र बघा. तिथे बाई खरोखरच ६५ च्या पुढच्या आहेत, आणि कुठेही वाकलेल्या नाहीत.