पंचायतीच्या विहिरीजवळ बोअर मारता येते का?

धुऱ्यावरचा:
नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात माहं तीन एकर वावर, त्यात संत्र्याची 320 झाडं. विहीर 52 फूट. आजोबाच्या काळात तिच्यावर मोट चालायची. यंदा होळीच्या आधीच मोटर हवा ओढून राहिली. सकाळी पाऊण तास चालते, मग फुटबॉल (पाइपाच्या तळाची झडप) उघडा पडते, अन् पाणी गोळा व्हायला दुसरा दिवस उजाडते. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा, धरला आहे. फळं हरभऱ्याएवढी, झाडाखाली रोज गळ.

बोअरच्या गाडीचा एजंट दोनदा घरी येऊन गेला. "काका, 700 फूट मारू, रात्री येतो, कोण विचारते?" रात्रीच कशाला, असं विचारलं तर अर्धा चहा टाकून उठला.

पेच असा आहे की नाल्यापलीकडे पंचायतीची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. पावलं मोजली, 410 भरली. सरपंचबाई म्हणतात, जमणार नाही. आता वावर माह्या सातबाऱ्यावर, तर खालचं पाणी माहं नाई का? कायदा माहीत असेल त्यानंच सांगा. धीर धरायचा सल्ला नको, तो घरी भरपूर मिळते.

जुना भूजलवाला:
भाऊ, जमीन ज्याची त्याचं खालचं पाणी, ही समजूत 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासूनची. महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्यासाठी 1993 ला भूजल कायदा आला आणि सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर नाही, ही अट लागली. 2009 चा भूजल अधिनियम 1 जून 2014 पासून लागू झाला, त्यातही ती आहे. तुमची 410 पावलं म्हणजे 300 मीटरच्या आसपास. सरपंचबाई बरोबर आहेत.

700 फुटाचं तर विसराच. 60 मीटर, म्हणजे 197 फूट, तिथून पुढे कायद्याच्या भाषेत 'खोल विहीर'. अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे भूजल जपण्यासाठी सरकारनं जाहीर केलेल्या भागात, शेतीसाठी ती मारायला मनाई आहे. गाडीलाही नोंदणी लागते. एजंटला नोंदणीचा कागद मागा, तिसऱ्यांदा यायचा नाही.

आणि कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि फटींत. खाली घट्ट दगड. नशिबानं एखादी सच्छिद्र पट्टी लागली तर दोन-तीन हंगाम मजा वाटते. पण ते पाणी वर्षानुवर्षं झिरपून साठलेलं असतं, मोटरच्या वेगानं परत भरत नाही.

खरं_बोलू_का:
सगळं कागदावर बरोबर. आमच्या शिवारात चौघांनी मारल्या, एकालाही नोटीस नाही. प्रामाणिक माणसाचीच बाग वाळते.

मोर्शीची सून:
चौघांचं पाणी किती वर्षं टिकलं तेही लिहा ना दादा.

आमच्या सासऱ्यांनी दोन मारल्या होत्या. एक 640 फूट. रात्रभर नुसता फुफाटा. सकाळी अंगणातली तुळस पांढरी झालेली. मी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसलं. कर्ज अजून फिटतंय.

धुऱ्यावरचे भाऊ, पुढच्या वर्षी आंबिया सोडून मृग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा बहार, धरता येतो का बघा. आंबियाला भर उन्हाळ्यात पाणी लागतं. मृगाला मे महिन्यात ताणच द्यायचा असतो, म्हणजे पाणी तोडायचं. धोका एकच, जूनचा पाऊस लांबला की फुलांची फूट कच्ची निघते. एका वर्षी आमचीही गेली. यंदापुरतं म्हणाल तर निम्मी फळं उतरवून टाका, ठिबक रात्री चालवा आणि आळ्यात सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) वीतभर अंथरा. वरून दोन ढेकळं ठेवा, नाहीतर वारा घेऊन जातो.

धुऱ्यावरचा:
पोरानं टेप धरला. 296 मीटर. एजंटला कागद मागितला, तेव्हापासून त्याचा फोन बंद.

बहार विरळ करायला काल सुरुवात केली. फळ तोडताना हात येत नाही बापा, बायकोनं तोडली. खरं_बोलू_का भाऊंचं म्हणणं मलेही खुपते, माह्या उत्तरेच्या धुऱ्याला लागून एक खोल बोअर आहे. त्याचं काय करायचं ते ग्रामसभेत विचारतो.

मोर्शीच्या ताई, कुटार ओलं करून अंथरायचं की कोरडं? आमच्या इथं उधई (वाळवी) फार आहे.

मोर्शीची सून:
कोरडंच. आणि खोडापासून हातभर लांब.