प्रतिसाद: सगळा जनुकांचाच खेळ?

वर एकांनी म्हटलंय की अनाथालयातली मुलं मागे पडतात कारण ती मुळातच तशी असतात, सगळा जनुकांचा खेळ. ही शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर रोमानियात मिळालेलं आहे.

तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने 1966मध्ये गर्भपातावर बंदी घातली आणि पुढे सरकारी अनाथालयं भरून वाहू लागली. सांभाळणाऱ्या एका बाईच्या वाट्याला डझनभर बाळं. पाळण्यांच्या रांगा, आणि खोलीत विचित्र शांतता, कारण रडून कोणी येत नाही हे बाळांना कळलेलं! कित्येक मुलं तासन्‌तास नुसती डोलत बसायची.

2000 साली अमेरिकी संशोधक चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमधली अशी 136 मुलं निवडली. निम्मी सांभाळणाऱ्या कुटुंबांत गेली, निम्मी होती तिथेच. कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं, त्यामुळे ‘मुळातच कमकुवत’ हा मुद्दा निकालात निघतो. (उरलेल्या मुलांचं काय, यावर बराच वाद झाला. मलाही ते खटकतं, पण प्रयोगासाठी कुणाला अनाथालयात अडकवून ठेवलं नव्हतं.)

कुटुंबात गेलेल्यांचा बुद्ध्यांक वाढला. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना माणसांचा लळा जास्त लागला. आठव्या वर्षी त्यांचा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) कधीच अनाथालयात न राहिलेल्या मुलांसारखा दिसला, आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास ताण आल्यावर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही तसंच वाढत होतं. अवधानाचे प्रश्न मात्र चांगल्या घरातही फारसे सुटले नाहीत.