स्वमग्न मुलांच्या पालकांचा गट : एकाच सदस्याचे बोलणे वरचढ ठरत असेल तर काय करावे?

नवे समन्वयक

आमच्या भागात स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी एक आधारगट बरीच वर्षे चालू आहे. ज्या ताईंनी तो उभा केला, त्यांनी प्रकृतीमुळे जबाबदारी सोडली आणि ती आम्हा दोघांकडे आली. आम्ही दोघेही पालक आहोत. मानसशास्त्राचे किंवा विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण आमच्यापैकी कोणाकडेही नाही.

अडचण अशी, की गटातील एक गृहस्थ प्रत्येक बैठकीत निम्म्याहून अधिक वेळ बोलतात. ते मनाने अतिशय चांगले आहेत, सर्वांच्या आधी येऊन खुर्च्या मांडतात, कोणाचेही काम अडले तर धावून जातात. मात्र आपला मुलगा विशिष्ट आहाराने आणि काही पावडरींनी सुधारला अशी त्यांची पक्की खात्री असल्यामुळे, विषय झोपेचा असो वा शाळाप्रवेशाचा, गाडी शेवटी तिथेच येऊन थांबते. मागच्या बैठकीत एक आई पहिल्यांदाच आल्या होत्या. निदानाचा अहवाल ठेवलेली प्लास्टिकची फाइल त्यांच्या मांडीवर होती आणि तिचे बटण त्या सारखे उघडत-लावत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी एवढेच विचारले, "तो बोलेल का?" कोणी काही म्हणण्याच्या आत या गृहस्थांनी पावडरीचे नाव आणि मात्रा सांगून टाकली, आणि त्या बाईंनी ती फाइलच्या पाठीवर लिहून घेतली.

आम्हाला त्यांना दुखवायचे नाही आणि गटही मोडायचा नाही. शिवाय आम्ही स्वतः तज्ज्ञ नसताना "हे चुकीचे आहे" असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला पोहोचतो का, हाही प्रश्न आहे. अशा गटांचे काम ज्यांनी केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी स्वयंसेविका

अधिकाराचा प्रश्न आधी घेते, कारण तो सुटल्याशिवाय बाकीचे करण्याचे धैर्य येणार नाही. स्वमग्नतेच्या क्षेत्रातील पालकांचे काम तज्ज्ञांच्या परवानगीने सुरू झालेले नाही. ज्या काळात आईच्या थंड वागण्यामुळे मूल स्वमग्न होते असे नामांकित तज्ज्ञ सांगत होते, त्याच काळात, म्हणजे १९६२ साली, ब्रिटनमधील पालकांनी एकत्र येऊन आजच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीची सुरुवात केली. अमेरिकेत आईवरचा हा आळ १९६४ मध्ये पुराव्यानिशी खोडून काढणारे बर्नार्ड रिमलँड मानसशास्त्रज्ञ होते हे खरे, पण त्यांना या विषयाकडे ओढले ते स्वतःच्या मुलाने, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या पालक संघटनेच्या स्थापनेतही ते होते. आजही जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा जो कौशल्य-प्रशिक्षण कार्यक्रम आहे (२ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी, ९ गटबैठका आणि ३ गृहभेटी), तो तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण व देखरेख मिळालेल्या माणसांनी चालवावा अशाच बेताने आखला आहे. तेव्हा पदवी नाही म्हणून संकोचू नका. तुमच्याकडून निदानाची किंवा उपचाराची अपेक्षा नाही; त्या खोलीत प्रत्येकाला बोलायला जागा मिळते का, हे पाहण्याची आहे आणि तेवढा अधिकार तुम्हाला नक्कीच आहे.

आता त्या गृहस्थांविषयी. बैठकीत सर्वांसमोर त्यांना थांबवू नका, कारण चारचौघांत थांबवलेला माणूस एक तर गप्प बसून धुमसतो किंवा दुप्पट बोलतो. बैठकीच्या एक-दोन दिवस आधी निवांत भेटा आणि नव्या माणसाला बोलते करायला त्यांची मदत हवी आहे असे सांगा. हा मखलाशीचा प्रकार नाही. आधी येऊन खुर्च्या मांडणाऱ्या माणसाला गटाची कळकळ असतेच, फक्त ती एकाच वाटेने बाहेर पडत असते. दारात नव्या माणसाला भेटणे, त्याला बसवणे, बैठक कशी चालते हे दोन वाक्यांत सांगणे हे काम त्यांच्याकडे द्या. त्याचबरोबर प्रत्येक बैठकीच्या प्रारंभी, कोणा एकाकडे रोख न ठेवता, तीन गोष्टी मोठ्याने सांगायची पद्धत पाडा : इथले बोलणे इथेच राहील, प्रत्येकाने स्वतःचा अनुभव सांगावा, दुसऱ्याच्या मुलाने काय घ्यावे ते सांगू नये, आणि कोणाला नुसते ऐकायचे असेल तर तेही चालेल. नियम आधी सांगितलेला असला की मध्येच थांबवणारा माणूस वाईट ठरत नाही.

तुम्ही दोघे आहात ही मोठी जमेची बाजू आहे. एकाने बोलणे चालवावे आणि दुसऱ्याने काहीही न बोलता चेहरे पाहावेत. कोण बोलायला तोंड उघडून परत मिटते आहे, कोण उठून बाहेर गेले आणि अजून आले नाही, हे बैठक चालवणाऱ्याच्या लक्षात येणे जवळजवळ अशक्य असते.

राहिला त्या आईंचा प्रश्न. "तो बोलेल का?" याचे खात्रीचे उत्तर कोणाकडेच नसते आणि ते नाही हे सांगण्यात कमीपणा नाही. काही मुले उशिरा बोलू लागतात, काही शब्दांनी कधीच बोलत नाहीत. चित्रांनी किंवा टॅब्लेटने संवाद शिकवला तर बोलणे मागे पडेल, ही पालकांची भीती मात्र संशोधनात खरी ठरलेली नाही, आणि हे त्यांना सांगण्यासारखे आहे. पण आधी थोडे थांबून "आज हा प्रश्न मनात फार घोळतो आहे का?" असे विचारले असते, तर बहुधा त्या अर्धा तास बोलल्या असत्या. त्यांना एक फोन अवश्य करा. पुढच्या बैठकीचा आग्रह न धरता नुसती चौकशी करा.

विकासात्मक बालरोगतज्ज्ञ

वरील बहुतेक मजकुराशी मी सहमत आहे. फक्त "आपापला अनुभव सांगावा" या नियमाला एक मर्यादा घालावी लागते. स्वमग्नतेच्या उपचारांचा इतिहास प्रामाणिक अनुभवांनी भरलेला आहे. १९९८ च्या सुमारास सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाच्या एका इंजेक्शनने मूल बोलू लागल्याचे वृत्त पसरले आणि हजारो पालक ते मिळवण्यासाठी धावले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला सिक्रेटिन आणि दुसऱ्याला नुसते मिठाचे पाणी दिले होते. दोन्ही गटांतील मुले सारखीच सुधारलेली दिसली. म्हणजे सुधारणा पाहणारे पालक खोटे बोलत नव्हते. मुले वाढतच असतात, चांगले-वाईट काळ येत-जात असतात, आणि आपण ज्या आठवड्यात नवे काही सुरू करतो त्या आठवड्याला श्रेय मिळते. आपल्या गटातील गृहस्थांकडे याच दृष्टीने पाहावे.

म्हणून सरसकट बंदी घालू नये. घातली तर ती चर्चा बैठकीबाहेर होईल आणि तिथे कोणीच नसेल. मात्र काही गोष्टी ऐकू येताच, नम्रपणे पण तत्काळ थांबवाव्यात. क्लोरिन डायऑक्साइडचे द्रावण पाजणे किंवा बस्तीवाटे देणे, कारण ते कपडे विरंजन करण्याच्या जातीचे रसायन आहे. शरीरातील धातू काढण्याच्या नावाखाली केले जाणारे किलेशन, ज्यात २००५ साली अमेरिकेत एका स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला. आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे परस्पर बंद करण्याचा सल्ला. स्वमग्न व्यक्तींमध्ये अपस्माराचे प्रमाण बरेच अधिक असल्यामुळे झटक्यांचे औषध अचानक थांबवणे जीवावर बेतू शकते. लसीचा विषय निघाल्यास, लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला एवढे सांगून पुढे जावे. वादात बैठक घालवू नये.

आणखी एक. गटात कोणीही काही विकू नये, मग तो पालक असो, थेरपिस्ट असो वा माझ्यासारखा डॉक्टर.

एक स्वमग्न प्रौढ

इथवरच्या चर्चेत आमच्याविषयी बरेच बोलणे झाले, म्हणून लिहितो. मी एका पालक गटात अधूनमधून जातो. पालकांना रडायला, संतापायला जागा हवी हे मला पूर्ण मान्य आहे. पण अनेक गटांत मुले त्याच खोलीत कोपऱ्यात खेळत असतात आणि "याच्यामुळे आमचे आयुष्य संपले" असे वाक्य त्यांच्या डोक्यावरून बोलले जाते. जे मूल बोलत नाही त्याला समजत नाही, असे गृहीत धरलेले असते. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने टोरांटोच्या परिषदेत पालकांसमोर नेमका हाच मुद्दा मांडला होता : अपेक्षित मूल आले नाही याचे दुःख अवश्य करा, पण जे आले आहे त्याच्यासमोर ते करू नका. तेव्हा मुलांची व्यवस्था वेगळ्या खोलीत करा, किंवा ते शक्य नसेल तर त्या दिवशी विषय वेगळा ठेवा.

स्वमग्न प्रौढांना अवश्य बोलवा, मात्र प्रदर्शनासाठी नव्हे. प्रश्न आधी लिहून पाठवा, बैठक किती वाजता संपेल ते सांगा आणि ती तेव्हाच संपवा. लुकलुकणारी, गुणगुणणारी ट्यूबलाइट असेल तर तीही बदला. तुम्हाला तो आवाज येत नसेल, मला दुसरे काहीच ऐकू येत नाही. असा त्रास होणारे लोक पालकांमध्येही असतात. मुलाच्या निदानानंतर स्वतःकडे नव्याने पाहू लागलेले आई-वडील मी पुष्कळ पाहिले आहेत.

दोन मुलांचे वडील

सगळे पटले, तरी एक सावधगिरी. आमच्या गटात नियम इतके वाढले की बैठक कार्यालयासारखी वाटू लागली आणि लोक बैठक संपल्यावर फाटकापाशी उभे राहून खरे बोलू लागले. शेवटचा अर्धा तास विनाविषय ठेवा. आणि भावंडांना विसरू नका, माझ्या धाकटीला आजवर कोणीही "तू कशी आहेस?" असे विचारल्याचे मला आठवत नाही.

नवे समन्वयक

सर्वांचे मनापासून आभार. त्या गृहस्थांना या आठवड्यात भेटणार आहोत. मुलांच्या खोलीचा मुद्दा आमच्या ध्यानातच आला नव्हता. एक गोष्ट अजून विचारतो. गटाच्या व्हॉट्सॲपवर, कधी आम्हाला खासगीत, रात्री-अपरात्री अत्यंत निराशेचे संदेश येतात. उत्तर दिले नाही तर काळजी वाटते. दिले तर रात्र जाते.

जुनी स्वयंसेविका

दोन प्रकारचे संदेश वेगळे करा. थकव्याचे, वैतागाचे संदेश सकाळपर्यंत थांबू शकतात आणि तुम्ही रात्री उत्तर देत नाही हे गटात आधीच जाहीर करा. पण स्वतःच्या किंवा मुलाच्या जीवाचे बरेवाईट करण्याचा उल्लेख असेल, तर तिथे गोपनीयतेचा नियम लागू होत नाही, आणि हेही बैठकीत नियम सांगताना सांगून ठेवायला हवे. अशा वेळी लिहीत बसू नका, फोन करा आणि "जीव द्यावासा वाटतो आहे का?" असे स्पष्ट विचारा; विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. त्या वेळी घरात दुसरे कोण आहे ते विचारून त्यांच्याशी बोला, आणि आपत्कालीन सेवेचे व आत्महत्या-प्रतिबंध मदतवाहिनीचे क्रमांक तुम्हा दोघांच्या फोनमध्ये आजच नोंदवून ठेवा. फोन कोणी उचलायचा याच्या पाळ्या लावा. आणि दोघांपैकी एकाचे घर स्वतःच अडचणीत असेल तेव्हा महिना-दोन महिने काम सांभाळेल असा तिसरा माणूस आत्तापासून शोधायला लागा.