ग्रामदेवीच्या पूजेची पाळी ट्रस्टने ठराव करून बंद केली. दाद कुठे मागायची? (मदत हवी आहे)

पाळीकर

नमस्कार मंडळी. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. ग्रामदेवीच्या पूजेची पाळी आमच्यासह चार घराण्यांत दरवर्षी फिरते. ज्याचं वर्ष त्याने रोज गाभारा झाडायचा, दिवाबत्ती-नैवेद्य करायचा, नवरात्रात घट बसवायचे, शिमग्यात देवीची रुपं (मुखवटे) लावून पालखी सहाणेवर, म्हणजे ती बसवायच्या ठरलेल्या जागी, न्यायची. त्याबदल्यात ओटीचे नारळ-तांदूळ पाळीकराचे आणि पालखी पहिली त्याच्या अंगणात. गाभाऱ्याच्या दाराला आतल्या अंगाने कोणाचं वर्ष कोणतं ते तैलरंगात लिहिलेलं होतं. मध्यंतरी ट्रस्टने रंगकाम काढलं, त्यात ते गेलं.

गेल्या शिमग्यानंतर विश्वस्तांनी सभा घेऊन ठराव केला: पाळी बंद, पगारी पुजारी नेमायचा, कुठल्याही घराण्याला मान नाही. विश्वस्तांत आमच्या वाडीचं एकही माणूस नाही. वर्ष आमचं चालू असताना चावी काढून घेतली. चारपैकी एक घराणं ट्रस्टच्या बाजूला गेलंय, दोन घराणी तळ्यात-मळ्यात. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाच्या ग्रुपवर रोज शिमगाच चालू आहे.

एकजण सांगतो धर्मादाय आयुक्तांकडे जा, दुसरा म्हणतो दिवाणी कोर्ट, तिसरा म्हणतो थेट हायकोर्टात रिट टाका, धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न आहे. वकिलाकडे जायचंच आहे, पण जाण्याआधी काय गोळा करावं, मुळात केस आहे का, हे समजून घ्यायचंय. आमच्याकडे आजोबांची हिशेबाची वही आणि एक मोडीतला कागद आहे, तो अजून कुणी वाचलेला नाही.

घाटावरचा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वंशपरंपरागत हक्कांचे दिवस गेले. पंढरपूरला बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे आणि सगळ्या सेवाधाऱ्यांचे हक्क १९७३ च्या कायद्याने संपवले, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरासाठी २०१८ मध्ये वेगळा कायदा झाला. बडव्यांचं तिथे चाललं नाही, तुमचं काय चालणार?

दिवाणीवाला

घाटावरचे, पंढरपूरचा दाखला इथे उलटा लागतो. तिथे हक्क काढून घ्यायला विधिमंडळाला कायदा करावा लागला. हक्क होते म्हणूनच ते रद्द करण्याची वेळ आली. गावच्या ट्रस्टचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. पाच-सात विश्वस्तांनी बहुमताने हात वर केले म्हणून दुसऱ्याची वहिवाट संपत नाही.

पाळीकर, आता तुमचं. रिटचा नाद सोडा. तंट्यात कोणाची वहिवाट कधीपासून हा पुराव्याचा प्रश्न आहे. साक्षी-उलटतपासणी लागणार, ते काम दिवाणी कोर्टाचं. शिवाय धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा तुमच्याच अंगावर येईल. तामिळनाडूतल्या शेषम्मल खटल्यात १९७२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पुजाऱ्याची नेमणूक ही ऐहिक बाब आहे, वंशपरंपरेने नेमणं हा धर्माचा गाभा नाही. तेव्हा 'आमच्या धर्मावर घाला' असं न म्हणता 'आमच्या हक्कावर घाला' असं म्हणायचं.

धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-अ खाली अर्ज करता येतो, पण तिथे कारभार नीट चालवण्याचे निर्देश मिळतात. तुमचा वंशपरंपरागत हक्क आहे की नाही याचा निवाडा तिथे होत नाही. तो निवाडा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ खाली. त्या कलमाचं स्पष्टीकरण असं की मालमत्तेच्या किंवा पदाच्या हक्काचा वाद हा दिवाणी वाद, मग तो हक्क धार्मिक विधींवर अवलंबून असला तरी. त्या पदाला मोबदला आहे की नाही यानेही फरक पडत नाही, हे १९७६ च्या दुरुस्तीने घातलंय. विश्वस्त अधिनियमाच्या कलम ५०-५१ खाली आयुक्तांची परवानगी लागते ती ट्रस्टच्या वतीने किंवा सार्वजनिक हितासाठी केलेल्या दाव्यांना. स्वतःचा हक्क मागणाऱ्याला ती लागत नाही, असं न्यायालयांनी धरलेलं आहे.

खरी मेख पुढे आहे. तुम्ही पाळी आणि मान एका दमात लिहिलंत. कोर्टात या दोन गोष्टी वेगळ्या. १९६१ चा तामिळनाडूतलाच एक निकाल आहे, दोन जीयरांमधला (वैष्णव मठाधिपतींमधला), देवळातल्या मानपानाचा. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नुसत्या मानासाठी दिवाणी दावा चालणार नाही. मात्र पद असेल, आणि मान त्या पदाचा मोबदला म्हणून जोडलेला असेल, तर चालेल. आणि पद कशाला म्हणायचं? ज्याच्याशी कर्तव्य बांधलेलं आहे, जे चुकवलं तर जाब विचारला जातो, त्याला. म्हणजे 'पालखी पहिली आमच्या अंगणात' एवढंच घेऊन गेलात तर पहिल्या तारखेलाच गार व्हाल. गाभारा कोण झाडत होतं, तेल कोण घालत होतं, एखाद्या वर्षी दिवा विझला तर गावाने कोणाला बोल लावला, सुतक आलं तर बदली माणूस कोण देत होतं, दावा यावर उभा करा. नारळ-तांदूळ आणि पालखी त्यामागून येऊ द्या.

कोकणातले निम्मे शिमग्याचे तंटे इथेच फसतात. भांडण मानाच्या नारळावरून पेटतं आणि अर्जातही नारळच लिहिला जातो.

दुसरं, मुदत. आळंदीच्या गुरवांनी ज्ञानेश्वर महाराज संस्थानाविरुद्ध लढवलेला खटला वकिलाला काढायला सांगा, १९५९ चा निकाल आहे. गुरवांचं म्हणणं होतं, सेवा रोज नाकारली जाते म्हणजे अन्याय रोज नवा होतो. न्यायालय म्हणालं, सेवेतून काढलं तेव्हाच इजा पूर्ण झाली. तिचे परिणाम पुढे चालू राहिले म्हणून मुदत लांबत नाही. गुरव हरले ते त्यावर. वंशपरंपरागत पदाच्या ताब्यासाठी १२ वर्षं आहेत, पण नुसत्या घोषणेच्या दाव्याला, म्हणजे 'हक्क आमचा आहे' एवढंच कोर्टाकडून जाहीर करून घ्यायला, ३ वर्षंच. तुम्ही तीनचाच हिशेब धरा. खरं तर पुढच्या शिमग्याच्या आत तूर्तातूर्त मनाईचा (निकाल लागेपर्यंत ट्रस्टला रोखण्याचा) अर्ज पडला पाहिजे. नाहीतर पगारी पुजाऱ्याचा वर्षभराचा ताबा दाखवून 'आहे ती स्थिती' हीच, असं ते म्हणतील.

बाकीच्या तिन्ही घराण्यांना दाव्यात पक्षकार करा, फुटलेल्यालाही.

पाळीकर

दिवाणीवाला, खूप आभार. दिवा विझल्याचा मुद्दा वाचून चुलत्यांना फोन केला. ते म्हणाले एकदा पाळीकर आजारी पडून दोन दिवस पूजा चुकली होती, तेव्हा गावसभेत त्याच्याकडून दंड म्हणून देवीला समई घेतली. ती समई अजून वापरात आहे, तिच्यावर नाव कोरलेलं आहे!

एक अडचण सांगायची राहिली. तळ्यात-मळ्यात असलेल्या एका घरात आता फक्त मुलगी आहे, लग्न होऊन चिपळूणला दिली. ट्रस्टवाले म्हणतात त्या घराची पाळी बुडाली, म्हणून व्यवस्थाच मोडली. यात तथ्य आहे का?

दिवाणीवाला

समईचा फोटो आजच काढून ठेवा, आणि ती 'पॉलिशला' जाणार नाही याकडे लक्ष द्या. एवढा चांगला पुरावा सहसा मिळत नाही.

मुलीचं म्हणाल तर, पूजेचं वंशपरंपरागत पद हा मालमत्तेसारखा हक्क आहे आणि तो स्त्री वारसाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये राजकली कुंवर खटल्यात मानलेलं आहे. प्रत्यक्ष विधी तिने करायचा की बदली माणसाकडून करून घ्यायचा, हा पुढचा प्रश्न. वेगळी रूढी असल्याचं ट्रस्टला सिद्ध करावं लागेल. त्या ताईंना आधी भेटा. त्या तुमच्यासोबत वादी म्हणून आल्या तर ट्रस्टचा हा मुद्दा गळून पडतो.

जुनी वहिवाट

कागदांबद्दल थोडं. सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयातून ट्रस्टच्या परिशिष्ट १ चा (नोंदणी रजिस्टरचा) उतारा आणि मूळ नोंदणीचा अर्ज, चौकशीतले जबाब यांच्या नकला काढा. नोंदणीच्या वेळी जुन्या लोकांनी पाळीबद्दल जबाब दिलेले असतात, आणि बहुतेक वेळा ते आजच्या विश्वस्तांचेच वडील असतात. तहसीलमध्ये देवस्थानाच्या वर्षासनाची (सरकारकडून दरसाल मिळणाऱ्या रकमेची) नोंद आहे का पाहा. दिवाबत्तीचे पैसे कोणाच्या सहीने उचलले हे तिथे सापडतं. ट्रस्टच्या पावतीपुस्तकात 'पाळीकर यांजकडून जमा' अशी एक जरी पावती मिळाली तरी सोनं.

मोडी कागद लॅमिनेट करू नका. मोडीची सरकारी परीक्षा दिलेल्या वाचकाकडून लिप्यंतर घ्या. ३० वर्षांहून जुना कागद जिथे असायला हवा तिथूनच आला असेल तर न्यायालय तो अस्सल धरू शकतं, म्हणून तो कोणाच्या पेटीत, कोणाच्या ताब्यात होता हे नीट लिहून ठेवा.

आणि शिमग्यात पालखीला हात घालायला जाऊ नका. पोलिसांनी अहवाल पाठवला की तहसीलदार जमावबंदी लावतात, पालखी देवळातच राहते आणि दोन्ही बाजूंच्या पोरांवर गुन्हे.

पाळीकर

नकलांचा अर्ज सोमवारी देतोय. चिपळूणच्या ताईंशी बोललो, त्या तयार आहेत, फक्त सासरी विचारून कळवते म्हणाल्या. रत्नागिरीत देवस्थानाचे दावे चालवलेला दिवाणी वकील कोणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नाव-नंबर टाकू नका.